न दिसणारी दुखापत : डोक्याच्या सौम्य माराचा आणि त्याच्या शोधाचा इतिहास

‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ हे शब्द ऐकले की रुग्णाच्या नातेवाइकांना हायसे वाटते, आणि तसे वाटणे स्वाभाविकच आहे. परंतु डोक्याला मार लागलेल्या काही माणसांच्या बाबतीत याच शब्दांपासून एका वेगळ्या त्रासाला सुरुवात होते. डोके दुखत असते, उजेड सहन होत नाही, ओळखीच्या माणसाचे नाव ओठावर येऊन अडते, साधी बेरीज दोनदा करावी लागते. आणि हे सांगावे, तर समोरचा म्हणतो, ‘अहो, रिपोर्टमध्ये तर काहीच नाही!’ मेंदूच्या या सौम्य म्हटल्या जाणाऱ्या इजेचा आणि ती पाहू शकणाऱ्या यंत्रांचा इतिहास मंडळाच्या वाचकांपुढे ठेवावा, असे बरेच दिवस मनात होते. मी वैद्यकशास्त्राचा विद्यार्थी नव्हे. आयुष्य महसूल खात्यात फायली वाचण्यात आणि त्यांवर शेरे लिहिण्यात गेले. त्यांपैकी एका शेऱ्यामुळेच मी या विषयाकडे वळलो, म्हणून आधी त्याविषयी लिहितो.

१९९०च्या दशकात मी दक्षिण गुजरातेतील एका तालुका कचेरीत होतो. हाताखालचे एक तलाठी मोटारसायकलवरून पडले. काही क्षण शुद्ध हरपली होती, एवढेच. हाड मोडले नव्हते, टाकाही पडला नव्हता. पंधरा दिवसांनी ते कामावर हजर झाले आणि दोन महिन्यांनी माझ्याकडे अर्ज घेऊन आले. ‘साहेब, डोकं भरून येतं. सात-बाराचे आकडे जुळत नाहीत. काही महिने हलकं काम द्या.’ मी वैद्यकीय कागद पाहिले. एक्स-रे निर्दोष होता आणि कामास योग्य असल्याचा दाखला जोडलेला होता. मी शेरा लिहिला, ‘वैद्यकीय आधार नाही. विनंती अमान्य.’ पुढे त्यांच्या नोंदींत चुका होत गेल्या, खातेनिहाय चौकशी लागली आणि एक वेतनवाढ रोखली गेली. त्या आदेशावरही माझीच सही होती. नियमाप्रमाणे त्यात काही वावगे नव्हते.

पुढे वाचन करू लागलो तेव्हा ध्यानात आले की असे शेरे लिहिणारा मी पहिला नव्हतो. त्यांची परंपरा दीडशे वर्षांहून जुनी आहे आणि तिची सुरुवात रेल्वेपासून होते. आपल्या भागात बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया कंपनीची गाडी १८६० साली अंकलेश्वर ते उत्राण अशी प्रथम धावली. पुढे १९०० सालच्या सुमारास तापी व्हॅली रेल्वे झाली आणि खानदेशातून सुरतेस येणे सोपे झाले. तुमच्यापैकी कित्येकांचे आजे-पणजे त्याच वाटेने इथे आले असतील. रेल्वेने माणसाला पूर्वी कधी अनुभवास न आलेला वेग दिला आणि त्याबरोबर एक नवी दुखापतही दिली. इंग्लंडमध्ये अपघातग्रस्त गाडीतून धडधाकट बाहेर पडलेले उतारू काही दिवसांनी तक्रार करू लागत : झोप नाही, स्मरण नाही, हातापायांत बळ नाही. सुप्रसिद्ध कादंबरीकार चार्ल्स डिकन्स ९ जून १८६५ रोजी स्टेपलहर्स्टच्या अपघातात सापडले. त्यांना जखम झाली नाही, उलट त्यांनीच इतर जखमींना मदत केली. परंतु त्यानंतर काही दिवस त्यांचा आवाज गेला आणि रेल्वेप्रवासाची धास्ती पुढे कायमची राहिली.

लंडनचे शल्यविशारद जॉन एरिक्सन यांनी १८६६ साली अशा रुग्णांवरील आपली व्याख्याने प्रसिद्ध केली. त्यांचे म्हणणे असे की, बाहेरून काही दिसत नसले तरी हादऱ्याने मज्जासंस्थेत काहीतरी बिघडते. यासाठी त्यांनी लोहचुंबकाचा दाखला दिला. चुंबकावर हातोड्याचा जोरदार घाव घातला की त्याचे चुंबकत्व कमी होते. ते कसे, हे आपल्याला सांगता येत नाही, पण तसे होते हे मात्र निश्चित. रेल्वे कंपन्यांना हे मत महाग पडणारे होते, कारण नुकसानभरपाईचे दावे त्यावर उभे राहत. १८८३ साली हर्बर्ट पेज यांनी एरिक्सन यांचे मत खोडून काढणारे पुस्तक लिहिले. हा सारा भीतीचा आणि मनाचा परिणाम आहे, असा त्यांचा सूर होता. पेज हे स्वतः एका मोठ्या रेल्वे कंपनीचे शल्यचिकित्सक होते, हेही येथे नमूद केले पाहिजे. शरीराची इजा, मनाची इजा की निव्वळ ढोंग, हा वाद तेव्हा सुरू झाला तो अद्याप पुरता मिटलेला नाही.

आपल्याकडच्या कायद्याने या वादात शिरण्याचे टाळले. १८५५चा प्राणघातक अपघातांचा कायदा, नावाप्रमाणेच, मृत्यूच्या भरपाईपुरता होता. १९२३च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला जोडलेल्या परिशिष्टात हात, पाय, अंगठा, बोटे, डोळा यांची टक्केवारी नेमकी दिलेली होती. बोटाचे एक पेर गेले तर किती, दोन गेली तर किती, हे त्यात सापडे. स्मरणशक्ती गेली तर किती, हे मात्र त्या यादीत नव्हते. जे मोजता येते त्याचेच कोष्टक होऊ शकते. सरकारी नोकरीत राहिलेल्या माणसाला यात काही नवे वाटणार नाही.

पहिल्या महायुद्धात हाच प्रश्न खंदकांत उभा राहिला. तोफगोळ्याच्या स्फोटाजवळ सापडलेले सैनिक अंगावर ओरखडा नसताना थरथरू लागत, मुके होत, स्मृती गमावत. चार्ल्स मायर्स यांनी १९१५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहून ‘शेल शॉक’ हा शब्द रूढ केला. स्फोटाच्या लाटेने मेंदूलाच इजा होत असावी, असे फ्रेडरिक मॉट यांना वाटे. परंतु अशा सैनिकांची संख्या एवढी वाढली की लष्कराला त्या शब्दाचीच अडचण वाटू लागली आणि १९१७मध्ये त्याचा वापर आवरता घेण्यात आला. पुष्कळांना भित्रे ठरवले गेले. त्यांपैकी कोणाच्या मेंदूला मार होता आणि कोणाचे मन खचले होते, हे सांगण्याचे साधन त्या काळी कोणापाशीच नव्हते.

मार दिसत नाही तो का, याचा उलगडा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ऑक्सफर्ड येथे होऊ लागला. ए. एच. एस. होलबॉर्न या पदार्थवैज्ञानिकाने कवटीच्या आकारात जिलेटिन भरून प्रयोग केले आणि १९४३ साली आपले निष्कर्ष मांडले. आपल्याला हे खरवसाच्या उदाहरणाने सहज समजेल. सुरतेत ज्याला बळी म्हणतात, तो खरवस डब्यात लावला आहे अशी कल्पना करा. डबा सरळ पुढे सरकवला तर वडी बहुधा शाबूत राहते. पण डब्याला एकदम हिसडा देऊन फिरवले तर डब्याला पोचाही न पडता आतली वडी आतल्या आतच चिरते. मेंदूचेही असेच आहे. डोके झटक्याने फिरले की त्याचे थर एकमेकांवरून ओढले जातात आणि दूरवर जाणारे बारीक मज्जातंतू ताणले जातात. १९५६ साली सबिना स्ट्रिच यांनी गंभीर मारानंतर मरण पावलेल्या रुग्णांच्या मेंदूत अशा तंतूंचा सर्वत्र झालेला नाश सूक्ष्मदर्शकातून दाखवला. १९६८ साली ओपेनहायमर यांनी त्यापुढचे पाऊल टाकले. ज्यांच्या डोक्याला किरकोळ मार लागला होता, परंतु मृत्यू अन्य कारणाने झाला, अशांच्याही मेंदूत त्यांना सूक्ष्म जखमा आढळल्या. तेव्हा ‘काहीच नाही’ असे ज्यांना सांगितले गेले, त्यांच्यापैकी काहींच्या मेंदूत काहीतरी होते. ते कळण्यासाठी मात्र माणूस मरावा लागत होता.

जिवंत माणसाच्या कवटीत डोकावण्याची खटपट समांतर चालूच होती. १८९५ साली रॉन्टगेन यांनी क्ष-किरण शोधले, पण त्यांत हाड दिसते, मेंदू दिसत नाही. १९१८ साली अमेरिकेत वॉल्टर डँडी यांनी मेंदूतील पोकळ्यांत हवा भरून छायाचित्र घेतले. १९२७ साली पोर्तुगालमध्ये इगास मोनिझ यांनी रक्तवाहिन्यांत क्ष-किरणांना अडवणारे द्रव्य सोडून त्यांचा नकाशा मिळवला. दोन्ही रीती रुग्णाला क्लेशदायक, आणि त्यांतून मेंदू दिसे तोही अप्रत्यक्षपणे.

१९६२ साली वैद्यक कोठवर आले होते, हे एका घटनेवरून कळते. आमच्या पिढीने ती वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकली आहे. गोध्य्रात जन्मलेले आणि गुजराततर्फे खेळलेले नरी कॉन्ट्रॅक्टर तेव्हा भारताचे कर्णधार होते. आपल्या सुरतेचे रुसी सुरतीही त्या वेस्ट इंडीज दौऱ्यावर होते. मार्च महिन्यात बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथचा चेंडू कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर आदळला आणि कवटी फुटली. शस्त्रक्रियेच्या वेळी प्रतिस्पर्धी कर्णधार फ्रँक वॉरेल यांनी रक्त दिले. चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी, पॉली उम्रीगर यांनीही दिले. पुढे भारतात त्यांच्या कवटीत धातूची पट्टी बसवली गेली, ती तब्बल साठ वर्षांनी, २०२२ साली काढण्यात आली. कॉन्ट्रॅक्टर वाचले, प्रथम दर्जाचे क्रिकेटही पुन्हा खेळले, परंतु कसोटी सामना त्यांना पुन्हा मिळाला नाही. ही इजा अर्थात गंभीर होती आणि तिच्याविषयी कोणाला शंका येण्याचे कारणच नव्हते. पण आत नेमके काय झाले आहे हे त्या काळी कवटी उघडल्यावरच कळे. मग ज्याची कवटी उघडण्याची गरज नव्हती, त्याच्या आत काय झाले असेल याचा पत्ता कोण आणि कसा लावणार?

ही अडचण दूर करणारे यंत्र एका अशा कंपनीने बनवले, जिचे नाव आपल्या दिवाणखान्यांत वेगळ्याच कारणाने परिचित होते. नाट्यसंगीताच्या ज्या एच. एम. व्ही. तबकड्या आपण जपून ठेवल्या आहेत, त्या नाममुद्रेची मालक असलेली ब्रिटिश कंपनी ई. एम. आय. हीच ती. तिच्यातील अभियंता गॉडफ्रे हाउन्सफिल्ड याने अनेक कोनांतून क्ष-किरण सोडून संगणकाच्या साहाय्याने आडवा छेद जुळवण्याची युक्ती साधली. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे सी. टी. स्कॅन झाले. हाउन्सफिल्ड आणि ॲलन कॉरमॅक यांना १९७९चे नोबेल पारितोषिक मिळाले. कवटीत साकळलेले रक्त आता काही मिनिटांत दिसू लागले आणि असंख्य जीव वाचले.

याच सुमारास, १९७४ साली, ग्लासगो येथील टीसडेल आणि जेनेट यांनी बेशुद्धीचे माप ठरवले. डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल यांना गुण देऊन ३ ते १५ पर्यंत बेरीज करायची. १३ ते १५ गुण असले तर इजा ‘सौम्य’. वाचकांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सौम्य हा शब्द पहिल्या काही तासांतील शुद्धीविषयी आहे; पुढच्या सहा महिन्यांत त्या माणसाचे काय होईल याविषयी तो काही सांगत नाही. या वर्गातील बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत बरे होतात, हे खरे. परंतु काहींचा त्रास महिनोन् महिने टिकतो, आणि सी. टी. स्कॅन बहुधा निर्दोषच येते. कारण उघड आहे. ते यंत्र रक्ताची गाठ आणि हाडाची चीर दाखवते. ताणला गेलेला तंतू त्याच्या नजरेच्या टप्प्यात येत नाही.

त्यापुढची नजर लाभली ती लोहचुंबकामुळे. एरिक्सन यांनी ज्याचा केवळ दाखला दिला होता, तोच चुंबक शंभर वर्षांनी प्रत्यक्ष उपयोगी पडला. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात अणूंची केंद्रके रेडिओलहरींना प्रतिसाद देतात, हे १९४६ साली ब्लॉक आणि पर्सेल यांनी दाखवले होते. या विद्येच्या बालपणी आपल्याकडील एका शास्त्रज्ञाचाही हात लागला आहे. एस. एस. धर्मट्टी यांनी अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे १९५१ साली अर्नोल्ड आणि पॅकार्ड यांच्यासमवेत मद्यार्कावर केलेला प्रयोग या शास्त्रातला पायाभूत प्रयोग मानला जातो. पुढे त्यांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या विषयाचे संशोधन उभे केले. १९७३ साली लॉटरबर यांनी या तत्त्वावर चित्र मिळवण्याची रीत दाखवली, मॅन्सफिल्ड यांनी ती वेगवान केली, आणि दोघांना २००३ साली नोबेल मिळाले. हेच ते एम. आर. आय. आपल्या देशात असे यंत्र १९८६ साली दिल्लीच्या इन्मास या संरक्षण संशोधन संस्थेत आले.

सौम्य इजेच्या दृष्टीने महत्त्वाच्या दोन रीती त्यानंतरच्या आहेत. पहिली १९९४ साली पीटर बॅसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. ती सुरतकरांना समजावणे सोपे आहे, कारण मागाचा खडखडाट ऐकतच आपण लहानाचे मोठे झालो. मेंदूच्या श्वेतद्रव्यात तंतू ताण्याच्या सुतांसारखे एका दिशेने गेलेले असतात. त्यांच्यातील पाण्याचे कण सुताच्या लांबीने सहज सरकतात, आडवे जाताना अडतात. हे सरकणे कोणत्या दिशेने आणि किती होते, हे यंत्र मोजते. तंतू शाबूत असतील तर पाणी एकाच दिशेने जाते. ते विस्कटले असतील तर पाण्याची दिशा बिघडते. दुरून अख्खा दिसणाऱ्या ताक्यात तुटलेले सूत कोठे आहे, हे जाणता कारागीर हात फिरवून ओळखतो, तसाच हा प्रकार. दुसरी रीत मार्क हाके यांच्या नावाशी निगडित आहे. सांडलेल्या रक्तातील लोहामुळे चुंबकीय क्षेत्रात जो बारीक फरक पडतो, तो ही रीत टिपते. त्यामुळे टाचणीच्या टोकाएवढे जुने रक्तस्रावही काळ्या ठिपक्यांसारखे उमटतात.

या प्रगतीचा अर्थ आकड्यात सांगायचा तर २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासाचा दाखला देता येईल. सौम्य इजेच्या ज्या रुग्णांचे सी. टी. स्कॅन निर्दोष होते, त्यांच्यापैकी २७ टक्के रुग्णांच्या एम. आर. आय.मध्ये दोष आढळला. म्हणजे ‘रिपोर्ट नॉर्मल’ असलेल्या चौघांपैकी साधारण एकाच्या मेंदूत काहीतरी दिसत होते. फक्त पाहणारे यंत्र दुसरे हवे होते.

हा अभ्यास प्रसिद्ध होण्याच्या दोन वर्षे आधी, २०११च्या पावसाळ्यात, मी स्वतः नानपुऱ्याहून अठवागेटकडे जाताना स्कूटरवरून घसरलो. सी. टी. स्कॅन निर्दोष आले. चौथ्या दिवशी कचेरीत गेलो आणि टिपणीचे एक पान तीन वेळा वाचूनही काय लिहिले आहे ते कळेना. पंख्याचा आवाज डोक्यात घुमे. जवळजवळ तीन महिने हे चालले. घरचे, मित्र, वरिष्ठ, सगळे मायेने तेच सांगत होते, ‘रिपोर्ट तर चांगला आहे ना!’ एका रात्री मला त्या तलाठ्यांचा अर्ज अक्षरशः डोळ्यांपुढे दिसला, आणि खालचा माझा शेराही.

पण यंत्राविषयी अतिश्रद्धा बाळगणेही बरोबर नाही. पाण्याच्या दिशेचे हे मोजमाप शंभर रुग्णांची शंभर निरोगी माणसांशी तुलना करताना स्पष्ट फरक दाखवते. एकट्या रुग्णाविषयी त्यावरून खात्रीने बोलणे अवघड आहे, कारण वय, जुना आजार, यंत्रायंत्रांतील फरक, सगळेच त्यात मिसळते. २०१५ साली अमेरिकेतील तज्ज्ञांच्या गटाने हेच मत नोंदवले की, एकेका रुग्णाचे निदान करण्यासाठी अशा प्रगत चित्रणाचा सर्रास वापर करण्याइतका पुरावा नाही. २०१८ साली अमेरिकेत एका रक्तचाचणीला मान्यता मिळाली, पण तिचा उपयोग सी. टी. स्कॅनची गरज आहे की नाही, हे ठरवण्यापुरता. सौम्य इजेचे निदान आजही मुख्यतः घटनेची हकिकत, लक्षणे आणि तपासणी यांवरच होते. म्हणजे रुग्णाचे ऐकून घेण्याला पर्याय निघालेला नाही.

जुना संशयही गेलेला नाही. ४ डिसेंबर २०२० रोजी कॅनबेरा येथील टी-ट्वेंटी सामन्यात आपल्या जामनगरच्या रवींद्र जडेजाच्या शिरस्त्राणावर मिचेल स्टार्कचा चेंडू आदळला. तो नाबाद ४४ धावा करून परतला आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याच्याऐवजी यजुवेंद्र चहल उतरला. असा बदली खेळाडू देण्याचा नियम २०१९ सालचा. चहलने तीन गडी बाद केले, भारत जिंकला आणि ऑस्ट्रेलियाकडून नाराजी व्यक्त झाली. जडेजा मारानंतरही खेळला, मग हादरा बसला कसा, असा प्रश्न अनेकांनी विचारला. हादऱ्याची लक्षणे उशिरानेही दिसू शकतात, म्हणूनच तो नियम आहे. रेल्वे कंपनीच्या वकिलाने १८६६ साली विचारलेला प्रश्नही याहून निराळा नसणार.

कायद्याने मात्र हळूहळू दृष्टी बदलली आहे. २०१० साली ‘राजकुमार विरुद्ध अजयकुमार’ या मोटार अपघाताच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, केवळ शरीराच्या अपंगत्वाची टक्केवारी पाहून भागणार नाही. त्या माणसाच्या प्रत्यक्ष कामावर आणि कमाईवर काय परिणाम झाला, ते पाहिले पाहिजे. तलाठ्याचे काम आकड्यांचे. आकडे जुळत नाहीत, असे तो स्वतः येऊन सांगत होता. यापेक्षा मोठा पुरावा मला कोणता हवा होता?

निवृत्तीनंतर मी त्यांच्या गावी जाऊन आलो. तेही निवृत्त झाले होते. त्यांनी अंगणात खाट टाकली, चहा दिला, मुलांची खुशाली विचारली. मी जुन्या अर्जाचा विषय काढला, तेव्हा ते म्हणाले, ‘साहेब, तेव्हा मलाही वाटायचं, की मीच सोंग करतोय की काय.’ माझ्या शेऱ्याने त्यांची एक वेतनवाढ गेली हे मला ठाऊक होते. त्यांचा स्वतःवरचा विश्वासही गेला होता, हे त्या दिवशी कळले.

आपल्या घरांतही कोणी ना कोणी पडते : नातू दुचाकीवरून, आजी न्हाणीघरात. पहिल्या दिवशी उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी, झटके किंवा असंबद्ध बोलणे आढळले तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे. रिपोर्ट निर्दोष आला तर देवाचे आभार मानावेत. आणि त्यानंतरही तो माणूस ‘मला बरे वाटत नाही’ म्हणाला, तर तेही कागदावर लिहून ठेवावे आणि त्याला पुन्हा डॉक्टरांकडे न्यावे.